डोळा, तास आणि पाट : लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या काही अपरिचित शब्दांची कृषिमूलक व्युत्पत्ती

प्रस्तावना

इंग्रजी भाषेच्या शब्दसंग्रहात लॅटिनचा वाटा किती, या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देण्याचा प्रयत्न थॉमस फिंकेनश्टाट आणि डीटर वोल्फ या अभ्यासकांनी १९७३ साली केला. 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशातील सुमारे ८० हजार शब्दांची मोजदाद करून त्यांनी दाखविले की, थेट लॅटिनमधून आलेले शब्द सुमारे २८ टक्के आहेत आणि लॅटिनचीच कन्या असलेल्या फ्रेंचमधून आलेले शब्दही जवळजवळ तितकेच आहेत. मात्र हे शब्द भाषेच्या सर्व थरांत सारखे पसरलेले नाहीत. घर, भाकरी, आई, पाऊस, झोप यांना इंग्रजीत जे शब्द आहेत ते बहुतेक जर्मानिक कुळातील व आखूड आहेत. न्यायनिवाडा, वैद्यक, प्रशासन, समीक्षा या क्षेत्रांत पाऊल टाकताच लॅटिन शब्दांची दाटी सुरू होते. ते लांब असतात, एकमेकांसारखे दिसतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात कोणतेही चित्र उभे करीत नाहीत.

मोहोळसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथे आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला, शेतकरी कुटुंबातील हा विद्यार्थी रोजच्या वापरातील इंग्रजी शब्द बऱ्यापैकी ओळखतो. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतील 'कठीण शब्दां'च्या याद्या मात्र तो घोकंपट्टीने पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. हे शब्द शहरी, सुशिक्षित, उच्चभ्रू जगाचे आहेत, आपल्या बांधावरच्या जगाशी त्यांचा काही संबंध नाही, अशी त्याची मनोमन समजूत झालेली असते. शिक्षकांचीही समजूत बहुधा याहून वेगळी नसते.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. या शब्दांपैकी अनेकांचा जन्म नांगराच्या मागे, पाण्याच्या पाटावर, खळ्यात आणि गोठ्यात झालेला आहे. पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेला लॅटिन गद्याचा सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे थोरल्या केटोचे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील शेतीवरील पुस्तक होय. त्याच्यानंतर व्हॅरो, 'जॉर्जिक्स' हे शेतीकाव्य लिहिणारा व्हर्जिल, कोलुमेला आणि थोरला प्लिनी या सर्वांनी शेतीवर विस्ताराने लिहिले. रोमचे वकील आणि वक्ते जमीनजुमला बाळगून होते, आणि त्यांच्या भाषेतील अमूर्त कल्पनांचे शब्दही त्याच मातीतून उगवले. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांचा परामर्श घेतला असून मोहोळ परिसरातील शेतीच्या शब्दांशी त्यांची सांगड घातली आहे.

पाटाचे पाणी

व्युत्पत्तीला इंग्रजीत 'डेरिव्हेशन' म्हणतात. हा शब्दच पाण्याचा आहे. लॅटिनमध्ये 'रिव्हुस' म्हणजे ओढा किंवा पाट, आणि 'डेरिव्हारे' म्हणजे मुख्य प्रवाहातून पाणी वळवून आपल्या रानात नेणे. एका शब्दापासून दुसरा शब्द काढण्याच्या क्रियेला लॅटिन ग्रंथकारांनी हेच क्रियापद लावले. मुख्य कालव्याला वितरिका, वितरिकेला लघुवितरिका आणि तिला शेतचारी अशी जी रचना उजनीच्या लाभक्षेत्रात पाहावयास मिळते, तिच्याइतके 'डेरिव्हेशन'चे समर्पक उदाहरण वर्गात फळ्यावर काढता येणार नाही.

याच 'रिव्हुस'पासून 'रायव्हल' हा शब्द आला. आज त्याचा अर्थ प्रतिस्पर्धी असा आहे आणि तो इंग्रजीत अपरिचितही नाही, पण त्याचे मूळ फारसे कोणाला ठाऊक नसते. 'रिव्हालिस' म्हणजे एकाच पाटावरून पाणी घेणारा शेजारी. सम्राट युस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायजेस्ट' या कायदेसंग्रहात उल्पियन या कायदेपंडिताचा जो उतारा आहे, त्यात हा शब्द एकाच पाटातून पाणी नेणारे लोक या मूळ अर्थानेच आला आहे आणि संदर्भ अर्थातच पाण्यावरून होणाऱ्या तंट्याचा आहे. रोमन विनोदी नाटककारांनी त्याच्या कितीतरी आधी हा शब्द एकाच स्त्रीवर प्रेम करणाऱ्या दोघांना लावून टाकला होता. गंमत अशी की, 'भागीदार' हा सौम्य अर्थही दीर्घकाळ टिकून होता. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या पहिल्याच प्रवेशात एक पहारेकरी आपल्या सोबतच्या पहारेकऱ्यांसाठी हा शब्द वापरतो, तेथे वैराचा लवलेशही नाही.

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या आधाराने जगणाऱ्या तालुक्यात या शब्दाचे स्पष्टीकरण करण्याची गरज पडू नये. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कालव्याचे पाणी पुढे टप्प्याटप्प्याने पोहोचले, तेव्हापासून शेजपाळी, पाटकरी, पाळी चुकणे, रात्री दारे धरणे, वरच्याने पाणी तोडणे हे शब्द येथील बोलण्यात रुळले आहेत. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग आणणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा पाणी वापर संस्थांना जी कामे सोपवितो, त्यांचा गाभा 'रिव्हालिस'मधील तंटा मिटविणे हाच आहे. ज्याच्याशी वाटा असतो त्याच्याशीच वैर होते, हे मराठीनेही स्वतंत्रपणे ओळखले आहे. 'भाऊबंद' म्हणजे नातलग, पण 'भाऊबंदकी' म्हणजे भांडण. 'दायाद' म्हणजे वारसाहक्कातील वाटेकरी, पण बोलण्यात तो हटकून वैरी असतो. संस्कृतात 'भ्रातृव्य' या शब्दाला पुतण्या आणि शत्रू असे दोन्ही अर्थ आहेत आणि शत्रू या अर्थासाठी पाणिनीला वेगळे सूत्र करावे लागले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'रिव्हर' हा शब्द 'रायव्हल'चा सख्खा भाऊ वाटतो, पण तो 'रिपा' म्हणजे काठ या शब्दापासून आला आहे. 'अराइव्ह' म्हणजे काठाला लागणे, तोही त्याच घरातला. ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह व्युत्पत्तीच्या अभ्यासात पदोपदी आवरावा लागतो.

नांगराचे तास

मराठीत 'तास' म्हणजे घड्याळातील साठ मिनिटे, हा अर्थ आता सर्वतोमुखी झाला आहे, परंतु शेतकऱ्याच्या तोंडी तास म्हणजे नांगराने उमटलेली रेघ. नांगरणाऱ्याने एक तास सरळ धरले की पुढची तासे त्याच्या आधाराने सरळ येतात. बैल बुजला किंवा रुमण्यावरचा हात ढिला पडला की नांगर तास सोडतो.

लॅटिनमध्ये नांगराने पडलेल्या ओळीला, काटेकोरपणे सांगायचे तर दोन तासांमध्ये उभ्या राहणाऱ्या वरंब्याला 'लिरा' म्हणत. 'दे' म्हणजे पासून, दूर. 'देलिरारे' म्हणजे तास सोडून भलतीकडे जाणे, आणि त्यावरून भ्रमिष्टासारखे वागणे, बरळणे. तापात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची शुद्ध हरपून तो असंबद्ध बोलू लागतो, त्या अवस्थेला आज जगभरचे डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात. अतिदक्षता विभागातील या शब्दाच्या पोटात बुजलेले बैल आणि वाकडे गेलेले तास आहे, हे एकदा समजले की शब्द पुसला जात नाही. मराठीत अशा माणसाला 'ताळ्यावर नाही' किंवा 'भरकटला' असे म्हटले जाते. ती चित्रे निराळी असली, तरी ठरलेली जागा किंवा वाट सुटणे ही कल्पना समान आहे.

'प्रिव्हॅरिकेट' हा त्याहून कमी परिचित शब्द. प्रश्नाला सरळ उत्तर न देता शब्दांचा खेळ करून सत्य टाळणे, उडवाउडवी करणे, असा त्याचा अर्थ आहे. लॅटिन 'व्हारुस' म्हणजे फेंगडा, गुडघ्यात वाकलेला. 'प्रेव्हारिकारी' म्हणजे फेंगडे, वाकडेतिकडे चालणे. प्लिनीने आपल्या 'निसर्गेतिहास' या ग्रंथात नोंदविले आहे की, नांगऱ्या वाकून काम करणारा नसेल तर त्याचा नांगर वाकडा जातो, आणि हा आरोप शेतातूनच न्यायसभेत गेला. न्यायसभेत तो वकिलावर झाला. आपल्या अशिलाची बाजू मांडतो असे दाखवून आतून विरुद्ध पक्षाशी संगनमत करणाऱ्याला रोमन कायद्यात 'प्रेव्हारिकातोर' म्हणत आणि तो गुन्हा होता. इंग्रजीत येताना शब्दाची धार थोडी बोथट झाली, फितुरीच्या जागी केवळ टाळाटाळ आली. तरीही 'खोटे बोलणे' आणि 'प्रिव्हॅरिकेट करणे' यांत फरक आहे. खोटे बोलणारा उघड उलट दिशेला जातो. प्रिव्हॅरिकेट करणारा त्याच शेतात राहतो, मात्र तास सरळ धरीत नाही. कोशातील एका ओळीच्या अर्थाने ही छटा हाती लागत नाही.

नांगर शेताच्या टोकाला पोहोचला की वळवावा लागतो. या वळण्याला 'व्हेर्सुस' म्हणत, त्यावरून तासाला, नंतर लिखाणाच्या ओळीला आणि अखेर कवितेला 'व्हर्स' म्हटले गेले. उलट 'प्रोज' म्हणजे न वळता सरळ पुढे जाणारे. पद्य वळते आणि गद्य सरळ जाते, ही व्याख्या साहित्याच्या अध्यापकांना पुढील अनेक व्याख्यांपेक्षा जवळची वाटेल.

डोळा भरणे

या सर्व शब्दांत 'इनॉक्युलेट' हा शब्द मराठी वाचकासाठी सर्वाधिक महत्त्वाचा आहे. २०२१ मध्ये करोनाच्या लसीकरणाच्या बातम्यांत तो इंग्रजी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर सतत येत होता. त्याचा अर्थ रोगप्रतिबंधक द्रव्य शरीरात टोचणे. त्याची फोड मात्र अशी आहे : 'इन' म्हणजे आत आणि 'ओक्युलुस' म्हणजे डोळा. टोचण्याचा आणि डोळ्याचा काय संबंध, हा प्रश्न शहरातील विद्यार्थ्याला पडेल. बोर, मोसंबी किंवा गुलाब यांची रोपवाटिका पाहिलेल्या विद्यार्थ्याला तो पडण्याचे कारण नाही. झाडाच्या फांदीवरील ज्या उंचवट्यातून अंकुर फुटतो त्याला मराठीत 'डोळा' म्हणतात, आणि चांगल्या जातीच्या झाडाचा डोळा काढून गावठी खुंटाच्या सालीत बसविण्याच्या क्रियेला 'डोळा भरणे' म्हणतात. लॅटिन 'इनोक्युलारे'चा अर्थ अक्षरशः हाच आहे. व्हर्जिलने 'जॉर्जिक्स'च्या दुसऱ्या सर्गात कलमाच्या पद्धती सांगताना अंकुरासाठी डोळा हाच शब्द वापरला आहे. उसाच्या टिपऱ्यावरील डोळे मोजून लागण करणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात या रूपकाला भाष्याची जरुरी नाही.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात कलमाच्या अर्थानेच आला. अठराव्या शतकाच्या आरंभी देवीच्या रोगावरील एक पूर्वेकडील उपाय इंग्लंडमध्ये माहीत झाला : सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत भरायचा, म्हणजे त्याला रोग हलका येऊन तो पुढे सुरक्षित राहतो. तुर्कस्तानात राहिलेल्या लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू यांनी १७१७ च्या पत्रात या क्रियेचे वर्णन करताना कलम करणे याच अर्थाचा इंग्रजी शब्द योजला, आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये स्वतःच्या मुलीवर हा प्रयोग करविला. सालीत चीर देऊन डोळा बसविणे आणि कातडीत चीर देऊन द्रव भरणे यांतील साम्य लोकांना उघड दिसले आणि माळ्याचा शब्द वैद्यांचा झाला.

पुढची पायरी गोठ्यातली. एडवर्ड जेन्नर याने १७९८ मध्ये गाईच्या देवीचा द्रव वापरून मनुष्याला देवीपासून वाचविता येते हे प्रसिद्ध केले. गाय म्हणजे लॅटिनमध्ये 'व्हाक्का', त्यावरून 'व्हॅक्सिन'. भारतात पहिली अशी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली आणि तिच्यापासून घेतलेला द्रव पुढे देशभर गेला. लुई पाश्चरने १८८१ मध्ये जेन्नरच्या सन्मानार्थ सर्वच प्रतिबंधक द्रव्यांना हे नाव द्यावे असे सुचविले आणि गाईशी काडीमात्र संबंध नसलेल्या लसीही 'व्हॅक्सिन' ठरल्या. मराठीने मात्र आपली वाट धरली. 'लस' म्हणजे फोडातून पाझरणारा द्रव, 'टोचणे' ही उघड क्रिया, आणि 'देवी काढणे' हा वाक्प्रचार तर रोगालाच दैवत मानणाऱ्या समाजाचा. कलमासाठी डोळ्याचे रूपक हाताशी असूनही मराठीने ते वैद्यकात नेले नाही, हे नोंद घेण्यासारखे आहे.

कलमाच्याच संदर्भात 'प्रॉपगेट' या शब्दाचा उल्लेख केला पाहिजे. 'प्रोपागो' म्हणजे फांदी न तोडता मातीत दाबून तिला मुळे फुटू देणे, म्हणजे दाबकलम. रोमच्या द्राक्षमळ्यांत ही नित्याची रीत होती. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी जी संस्था स्थापिली तिच्या लॅटिन नावात 'प्रोपागांदा' हा शब्द होता. राजकीय प्रचाराला आज जी दुष्कीर्ती लाभली आहे तिचा आरंभ असा द्राक्षवेलीच्या फांदीत आहे. सोलापूर परिसरात डाळिंबाचा प्रसार गुटी कलमाने होतो. केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या प्रकाशनांत 'प्रॉपगेशन' हा शब्द आपल्या मूळ घरीच नांदताना दिसतो. जाता जाता, इंग्रजीतील डाळिंबाचे नावही लॅटिन आहे. त्याचा अर्थ 'दाणेदार फळ', आणि हातबाँबला 'ग्रेनेड' म्हणतात तेही याच दाण्यांमुळे.

खळे, गोठा आणि जाते

'ट्रिब्युलेशन' म्हणजे घोर यातना, दीर्घकाळ चाललेले हाल. मुळात 'त्रिबुलुम' हे मळणीचे अवजार होते : खालच्या बाजूला गारगोटीचे तुकडे किंवा लोखंडी दाते ठोकलेली जड फळी, ती बैलांकडून पिकावरून ओढून घेत. ख्रिस्ती लेखकांनी श्रद्धावंतांच्या छळाला हा शब्द लावला. भुसा उडून दाणा शिल्लक राहतो, ही आशाही त्या रूपकात होती. महाराष्ट्रात अशी फळी रूढ नव्हती. येथे खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत. म्हणून मराठीत यातनेचे रूपक मळणीतून न येता जात्यातून आले : माणूस 'भरडला' जातो. 'त्रिबुलुम'च्या मुळाशी 'तेरेरे' म्हणजे घासणे हा धातू आहे. त्यापासूनच 'ट्राइट' हा शब्द झाला, आणि त्याचा मराठी अर्थ 'घासून गुळगुळीत झालेला' असा अचूक आहे.

जात्याचा विषय निघालाच आहे तर 'इमॉल्युमेंट' या शब्दाकडे अध्यापकवर्गाचे लक्ष वेधणे योग्य ठरेल. सेवानिवृत्तीच्या कागदपत्रांत ज्याला 'वित्तलब्धी' म्हणतात तो हा शब्द. 'मोलेरे' म्हणजे दळणे. 'एमोलुमेंतुम' म्हणजे बहुधा धान्य दळून देण्याबद्दल दळणाऱ्याला मिळणारा मोबदला. दाढेला 'मोलर' म्हणतात ते याच धातूवरून. 'सॅलरी' या शब्दात मीठ आहे हे खरे, परंतु रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे, ही पुस्तकापुस्तकांतून फिरणारी कथा प्राचीन पुराव्याने सिद्ध होत नाही, ती वर्गात सांगू नये. मराठी 'पगार' मात्र निश्चितपणे लॅटिन आहे. पोर्तुगीज 'पागार'च्या मागे 'पाकारे' म्हणजे शांत करणे हे क्रियापद आहे. देणेकऱ्याने धनकोला शांत केले, म्हणजे पैसे चुकते केले.

'फॅरॅगो' हा शब्द २०१७ साली शशी थरूर यांच्या एका ट्विटमुळे भारतात एकाएकी प्रसिद्ध झाला आणि अनेकांनी शब्दकोश उघडले. अर्थ : निरनिराळ्या गोष्टींचा गोंधळलेला काला. मुळात जनावरांच्या चाऱ्यासाठी एकत्र पेरलेली हलकी धान्ये म्हणजे 'फार्रागो'. चाऱ्यासाठी दाट पेरलेल्या ज्वारीला या भागात कडवळ म्हणतात. कडवळात मका, चवळी मिसळली की रोमन शेतकऱ्याने त्याला बिनदिक्कत 'फार्रागो' म्हटले असते.

गोठ्यातील दोन शब्दांची नोंद पुरे आहे. 'ग्रेक्स' म्हणजे कळप. 'एग्रेजिअस' म्हणजे कळपातून वेगळा उठून दिसणारा, म्हणून उत्तम. सोळाव्या शतकात इंग्रजीत या शब्दाने स्तुती केली जाई, पुढे उपरोधाने त्याचा अर्थ उलटला आणि आज 'एग्रेजिअस' चूक म्हणजे ढळढळीत, अक्षम्य चूक. मराठीत 'दिवटा' या शब्दाचे हेच झाले. कुळाला उजेड देणारा तो दिवटा, पण 'दिवटे चिरंजीव' म्हटले की बापाने मान खाली घालावी. 'पेकुस' म्हणजे गुरेढोरे, हीच संपत्ती, म्हणून 'पिक्युनिअरी' म्हणजे पैशासंबंधी. मुलाला किंवा दासाला स्वतःचे म्हणून जे थोडे धन ठेवू देत ते 'पेकुलिउम', त्यावरून 'पिक्युलिअर' म्हणजे ज्याचे त्याचे, विशेष. आणि सार्वजनिक पैशाचा अपहार म्हणजे 'पेक्युलेशन'.

नाते आणि योगायोग

वरील शब्दांची मराठीशी दिसणारी जवळीक एका प्रकारची नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाकडे लक्ष वेधले, तेव्हापासून काही जोड्या रक्ताच्या नात्याच्या ठरल्या आहेत. 'पेकुस' आणि संस्कृत 'पशु' ही तशी जोडी. 'युगुम' म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. संस्कृत 'युग' आणि मराठी 'जू' हे त्याचे सगोत्र. 'सब्ज्युगेट' म्हणजे जुवाखाली आणणे, 'कॉन्ज्युगल' म्हणजे एका जुवात जोडलेल्यांचे, अर्थात दांपत्याचे. इ. स. पूर्व ३२१ मध्ये सॅम्नाईट लोकांनी पराभूत रोमन सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून जावयास लावले, ती नामुष्की रोम कधी विसरला नाही. 'नेपोस' म्हणजे नातू आणि पुढे पुतण्या-भाचा. पोपमंडळी आपल्या पुतण्या-भाच्यांना उच्च पदे देत त्यावरून 'नेपोटिझम'. संस्कृत 'नप्तृ' आणि मराठी 'नातू' हे त्याच शब्दाचे भाऊ आहेत.

'इनॉक्युलेट' आणि 'डोळा भरणे' यांचे नाते या प्रकारचे दिसत नाही. येथे दोन समाजांनी एकच वस्तू पाहून एकच रूपक केले. 'लेगेरे' या क्रियापदाचेही तसेच. त्याचा पहिला अर्थ वेचणे, नंतरचा वाचणे. त्यावरून 'लेक्चर', 'सिलेक्ट', 'एलिगंट' हे शब्द आले. मराठी पाठ्यपुस्तकांतील निवडक उताऱ्यांना 'वेचे' म्हणण्याची रीत जुनी आहे, तिला लॅटिन ठाऊक असण्याची आवश्यकता नव्हती. निवडीचे महत्त्व मोहोळला तरी सांगावे लागू नये. रब्बी ज्वारीचे मालदांडी ३५-१ हे वाण स्थानिक ज्वारीतून निवड करूनच मोहोळच्या संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले.

अध्यापनातील उपयोग आणि मर्यादा

व्युत्पत्ती सांगितल्याने शब्द लक्षात राहतो, पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'एग्रेजिअस'चा मूळ अर्थ ठाऊक झालेल्या विद्यार्थ्याने प्राचार्यांच्या निरोप समारंभात तो स्तुतीपर वापरला तर अनर्थ ओढवेल. म्हणून मूळ चित्र आधी, अर्थाचा प्रवास नंतर आणि आजचा वापर सर्वांत शेवटी व सर्वांत ठळकपणे, हा क्रम पाळणे इष्ट. तसेच संख्येचा हव्यास नको. एका तासिकेत चार शब्द पुष्कळ झाले. पन्नास शब्दांची व्युत्पत्ती दिली तर तीही एक पाठ करण्याची यादी होऊन बसेल.

याहून गंभीर अडचण मराठीच्या बाजूची आहे. 'डिलिरियम' समजावून देण्यासाठी 'तास' हा शब्द शेतीच्या अर्थाने विद्यार्थ्याला माहीत असावा लागतो. ट्रॅक्टरने नांगरट आणि यंत्राने मळणी सुरू झाल्यावर जन्मलेल्या पिढीला रुमणे, शिवळ, तिवडा, पात, पाभर, चाडे हे शब्द आजोबांच्या बोलण्यात ऐकू आले तर आले. मोल्सवर्थच्या १८५७ च्या सुधारित कोशात आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात कृषिजीवनाच्या शब्दांचा मोठा साठा आहे, परंतु मोहोळ, माढा, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातील उच्चार आणि अर्थच्छटा त्यात सर्वत्र येत नाहीत. लॅटिनची शेती दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली गेली म्हणून तिचे शब्द आज सोडविता येतात. येथील शब्दांना जेमतेम एका पिढीची मुदत उरली आहे.

पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य द्यावेच लागते. त्यात प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांकडून नांगर, पाट, खळे, गोठा यांपैकी एका विषयाचे वीस-पंचवीस शब्द गावाच्या नावासह उतरवून घ्यावेत आणि इंग्रजी विभागाने त्यांच्यासमोर लॅटिनमूल शब्द मांडावेत, असे सहज करता येईल. मराठी, इंग्रजी आणि भूगोल हे तीन विभाग त्यात एकत्र येऊ शकतात. चर्चासत्र भरवायचे झाल्यास त्याचे इंग्रजी नावही विषयाला धरूनच आहे : 'सेमिनारिउम' म्हणजे बी टाकून रोपे तयार करण्याचा वाफा.